सात पॉइंट सत्त्याण्णव आणि सुलोचनाताई

सन्माननीय अध्यक्ष डॉक्टर अविनाश सोमण, आजच्या सत्कारमूर्ती सौभाग्यवती सुलोचनाताई घोरपडे, त्यांचे यजमान ग्रुप कॅप्टन हर्षवर्धन घोरपडे साहेब, सूत्रसंचालनाची धुरा सांभाळणाऱ्या आमच्या रेवाताई, समोर बसलेले माझे चंदीगड-मोहालीच्या या ट्रायसिटीतले बंधू आणि भगिनी, आणि मागे पकोड्यांच्या टेबलापाशी उभे असलेले, तनाने सभागृहात आणि मनाने चटणीत असलेले आमचे तरुण मित्र, आपणा सर्वांना गजानन राखोंडेचा सादर नमस्कार.

रेवाताईंनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं आहे. आपल्या मराठी मंडळाच्या इतिहासात दोन शब्दांत कोणी आटोपल्याची नोंद नाही. ती परंपरा मोडण्याचं धाडस माझ्यासारख्या लहान माणसाने का करावं?

नवीन आलेल्यांसाठी सांगतो. मी मूळचा खामगावचा. हवामान खात्यात नोकरी. तीन वर्षांसाठी म्हणून चंदीगडला आलो आणि बदली करणारे बहुधा मला विसरले. अध्यक्ष महाराज हसतायत, त्यांचंही तसंच आहे. घोरपडे साहेबांना मात्र हवाई दल कधी विसरत नाही. परवा ते आणि ताई बदलीवर थेट ईशान्येला, जोरहाटला निघालेत, आणि म्हणून आपण आज या कम्युनिटी सेंटरात जमलो आहोत.

सुलोचनाताईंबद्दल मी काय बोलावं? गेली चार वर्षं दर रविवारी सकाळी त्यांनी आपल्या मुलांना मराठी शिकवलं. रविवारी सकाळी! जेव्हा आपण, म्हणजे त्या मुलांचे आईबाप, अंथरुणात लोळत 'आपली संस्कृती टिकली पाहिजे' असे मेसेज ग्रुपवर टाकत होतो. अशा या विदुषीच्या निरोपाला बोलण्याचा मान मला मिळाला, याचा मला अतिशय आनंद आहे. निदान आत्तापर्यंत तरी आहे. तासाभराने असेल की नाही, ते सांगता येत नाही.

तुम्ही म्हणाल, हा असं काहून बोलतो? सांगतो. लपवून काय उपयोग, निम्म्या सभागृहाला माहीतच आहे. आमचा अथर्व, तो बघा मागे खांबाला टेकून उभा आहे आणि बाप बोलतोय म्हणून तोंड लपवतोय, तो डेराबस्सीच्या पुढच्या एका कॉलेजात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याचा शेवटचा निकाल आज संध्याकाळी लागणार होता. संध्याकाळ होऊन गेली, पोर्टल अजून गोल गोल फिरतंय. आणि त्या निकालातला सगळ्यात महत्त्वाचा ग्रेड ज्यांनी दिलाय, त्या इथे माझ्या उजव्या हाताला, गळ्यात हार घालून, अत्यंत शांत चेहऱ्याने बसल्या आहेत. मी आल्यापासून त्या चेहऱ्यावरून काही कळतं का ते बघतोय. वीस वर्षं ढगांकडे बघून पाऊस ओळखणारा माणूस आहे मी, पण या चेहऱ्यापुढे आपण हात टेकले.

म्हणून मी दोन भाषणं लिहून आणली होती. उजव्या खिशातलं, निकाल चांगला लागला तर. त्यात ताईंना 'सरस्वतीचा वरदहस्त लाभलेल्या' वगैरे म्हटलंय. डाव्या खिशातलं, निकाल वाईट लागला तर. तेही सभ्यच आहे, फक्त त्यात 'शिस्तप्रिय' हा शब्द जरा जास्त वेळा आलाय. आता निकालच नाही म्हटल्यावर दोन्ही खिशात राहू द्या. मी आपला मनातलं बोलतो.

मित्रहो, सीजीपीए म्हणजे काय? आपल्या वेळी टक्के होते. टक्के कसे, उघड होते. त्रेसष्ट टक्के म्हटलं की शेजाऱ्यालाही कळायचं, घरच्यालाही कळायचं आणि पाठीलाही कळायचं. आता दहापैकी पॉइंट. मी खामगावला फोन करून मोठ्या भाऊंना सांगितलं, अथर्वचं सात पॉइंट सत्त्याण्णव झालंय. भाऊ हळूच म्हणाले, "गजू, पोराला रागावू नको. शिकवणीच लावू." मी म्हटलं, भाऊ, दहापैकी आहे! तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला. माझा मात्र अजून पडलेला नाही.

कारण अथर्वला पुण्याला एम.टेक. करायचंय, वातावरणशास्त्रात. बापाची नोकरी लहानपणापासून डोळ्यांनी बघूनही त्याला यातच यायचंय, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. शाळेत होता तेव्हा माझ्याबरोबर गच्चीवर येऊन वाऱ्याची दिशा सांगायचा, आणि खरी सांगायचा. पोराच्या मनात दुसरं काही नाही. आणि आमच्या मनात म्हणाल, तर आपलं पोरगं आपल्या मुलखात शिकायला जाणार, यापेक्षा वेगळं काय पाहिजे? पण पुण्याच्या त्या संस्थेची अट आहे: सीजीपीए किमान आठ. अर्ज भरायची मुदत उद्या संपते. आणि खाली एक ओळ, राउंड ऑफ करून मिळणार नाही.

अहो, आमच्या खात्यात पाऊस मिलिमीटरच्या एका दशांशापर्यंत मोजतात. सात पॉइंट सत्त्याण्णव पडला तर आम्ही आठ लिहितो. आकाशातल्या देवाला सूट आहे, माझ्या पोराला नाही!

तर शेवटच्या सेमिस्टरला एकच विषय हातात उरला होता, ऐच्छिक. त्यात ए प्लस मिळाला की बरोबर आठ. नुसता ए मिळाला की सात पॉइंट अठ्ठ्याण्णव, म्हणजे घरी बसा. पर्यायांत योग होता, फ्रेंच होतं, फोटोग्राफी होती. आणि नवीनच सुरू झालेलं, मराठी. शिकवायला कोण? आपल्या सुलोचनाताई!

आता सांगा, तुम्ही काय निवडलं असतं? आमच्या घरी त्या दिवशी शिरा झाला. माझी बायको नयना म्हणाली, "मातृभाषा आहे, बाई आपल्याच आहेत, ए प्लस कुठे जात नाही." मी म्हटलं, पोट्ट्या, हे तर घरचंच कार्य झालं. अथर्वसुद्धा खूश होऊन म्हणाला, "येस पापा, ये तो पक्का है."

हे तो हिंदीत म्हणाला. तिथेच आम्ही सावध व्हायला पाहिजे होतं.

आमच्या घरी कसं आहे, आम्ही दोघं मराठीत बोलतो आणि तो हिंदीत उत्तर देतो. सगळं कळतं त्याला, एक शब्द सुटत नाही. पण तोंडातून बाहेर पडताना हिंदीच. इतकी वर्षं आमचं घर म्हणजे डबिंगचा स्टुडिओ होता आणि आम्हाला वाटत होतं, पोराला मराठी येतं. हसताय काय? तुमच्या घरी काय वेगळं आहे? नरेशराव, तुमची ईश्वरी मघाशी मला "नमस्ते अंकलजी" म्हणाली, मी काही बोललो का?

पहिल्या चाचणीत अथर्व वर्गात सातवा आला. वर्गात नऊ मुलं. पहिली कोण, तर गुरलीन. ही बघा, पुढच्याच रांगेत बसली आहे, मोहालीची आहे. हिने मराठी का घेतलं, तर म्हणे हॉस्टेलमधल्या मैत्रिणी मराठीत काय कुजबुजतात ते ऐकायचं होतं. बघा, ध्येय स्पष्ट पाहिजे!

मग काय, मंडळ धावून आलं. मराठी माणूस संकटात सापडला की आपण काय करतो? समिती नेमतो. समिती नेमली. अध्यक्ष कोण यावरून दोन बैठका गेल्या. शेवटी स्वतः सोमण सर, जे सेक्टर एकोणचाळीसच्या संस्थेत शास्त्रज्ञ आहेत, त्यांनी अथर्वला शिकवायला सोमवार-मंगळवार घेतला. आयटी पार्कचे आमचे नरेशराव चौधरी यांनी बुधवार-गुरुवार घेतला. उरलेले दिवस मी. घोरपडे साहेबांनाही विचारलं होतं. साहेब म्हणाले, "राखोंडे, या प्रकरणात मी तटस्थ. मला रोज घरी जेवायचं असतं."

पण झालं काय, सोमण सर चिपळूणचे. नरेशराव जळगावचे. मी खामगावचा. आणि प्रत्येकाला ठाम खात्री, की शुद्ध मराठी ती आपलीच. सोमवारी सर जे शिकवायचे ते बुधवारी नरेशराव पुसायचे, आणि शुक्रवारी मी दोघांचंही पुसायचो. महिन्याभराने पोरगं बोलायला लागलं, नाही असं नाही. पण त्याचं वाक्य चिपळूणला सुरू व्हायचं, जळगावला जेवायचं आणि खामगावला येऊन झोपायचं. ताईंनी ते वर्गात ऐकलं आणि फक्त एवढंच विचारलं, "बाळा, तू आलास तरी नक्की कुठल्या गाडीने?"

तेव्हा मी दुसरा मार्ग धरला. आता यात वाकडं काही नव्हतं, शेजारधर्म म्हणून सांगतो. नयनाने चकल्या केल्या होत्या, म्हटलं, चार ताईंना देऊन येतो. डबा दिला. ताईंनी हसून घेतला. मी जिन्यावरून उतरताना शीळ घातली. दोन दिवसांनी डबा परत आला. आपल्यात डबा रिकामा परत देत नाहीत. आत बेसनाचे लाडू! आणि चकल्यांपेक्षा वजनाने जास्त. आता आम्ही रिकामा डबा कसा ठेवणार? मी चिवडा पाठवला. त्यांच्याकडून अनारसे आले. मी मुद्दाम मोठा डबा काढला, त्यात शंकरपाळे भरले. तो आला करंज्या घेऊन. शेवटी शेवटी आमच्या घरी जेवण बनत नव्हतं, आम्ही ताईंचाच फराळ खात होतो. एका गृहस्थाने परीक्षक बाईंना खूश करायला जावं आणि त्याचं स्वतःचंच तीन किलो वजन वाढावं, अशी गोष्ट महाराष्ट्रात तरी घडली असेल का? आणि या सगळ्यात ताईंनी ग्रेडचा एक शब्द काढला नाही. मी काढायला गेलो की म्हणायच्या, "करंजीत खोबरं जास्त झालं का हो?"

पुढे आली तोंडी परीक्षा. अथर्वने 'माझं गाव' या विषयावर पाच मिनिटांचं भाषण पाठ केलं होतं. गाव खामगाव, जिथे तो उन्हाळ्याचे चार दिवस जातो आणि त्यातले तीन कूलरसमोर बसतो. पण पाठ फर्मास होतं. गुरलीनने मला सगळं सांगितलं, ती दारातच होती. म्हणाली, काका, त्याने एकदम छान म्हटलं, एकदासुद्धा अडखळला नाही. ताईही खूश. भाषण संपलं, ताईंनी पेन खाली ठेवलं आणि सहज विचारलं, "जेवलास का रे?"

आणि आमचं हे रत्न काय म्हणालं? "हाँजी आंटीजी, राजमा-चावल."

संपलं! खामगावची नदी, देऊळ, कापसाची बाजारपेठ, सगळं राजमा-चावलमध्ये बुडालं. ताईंनी पेन पुन्हा उचललं. बाहेर आल्यावर त्याच्या लक्षात आलं तेव्हा तो पायरीवर डोकं धरून बसला होता. त्याच्यानंतर गुरलीन आत गेली. तिलाही ताईंनी तेच विचारलं. ही म्हणाली, "नाही ताई, तुमच्याकडेच जेवणार आहे. करंज्या उरल्यात असं ऐकलं." आमच्याच करंज्या! बरं, आमच्या नाहीत, ताईंच्याच. पण आमच्या डब्यातल्या!

असो. विनोद बाजूला ठेवतो. त्या दिवसापासून पोराचं जेवणात लक्ष नाही. आई त्याला म्हणते, ताईंशी एकदा बोलून बघ. तो मान हलवतो. मी मात्र खरं सांगतो, आज संध्याकाळी ताईंसाठी शाल आणायला सेक्टर बावीसमध्ये गेलो होतो, तेव्हाही डोक्यात हेच, की निकाल कळल्यावर मी या बाईंना ही शाल कोणत्या तोंडाने... काय? रेवाताई, काय म्हणताय? वेळ संपली? नाही? मागे काय गडबड चाललीय? पोर्टल उघडलं?

उघडलं! एक मिनिट, एक मिनिट. सगळ्यांनी खाली बसा. गुरलीन, तुझं काय आलं? ए प्लस. शाब्बास, टाळ्या वाजवा तिच्यासाठी. अथर्व, तुझं? मोठ्याने सांग, बाप इथे माइकसमोर उभा आहे, त्याला ऐकू येत नाही. काय? ए?

ए.

थांबा, थांबा. टाळ्या वाजवताय त्याबद्दल आभारी आहे. सोमण सर, बसा, मिठी नंतर. तुम्हाला वाटलं, ए म्हणजे छानच. छानच आहे. पण ए प्लस नाही आला. मागच्यांच्या लक्षात आलं नसेल म्हणून सांगतो, ए म्हणजे सात पॉइंट अठ्ठ्याण्णव. पुणं गेलं.

नाही, नाही, नरेशराव, तुम्ही उठू नका. 'ताई, एवढ्या एका पायरीचा तर प्रश्न होता' असं कोणी म्हणू नका, मी ऐकलं ते. ताई इथे पाहुण्या आहेत. मंडळाने काय... मी... माफ करा, जरा पाणी द्या.

काय रे अथर्व? हात कशाला वर करतोस? बोल. इथे समोर येऊन बोल.

मंडळी, तो काय म्हणाला ते मागे ऐकू गेलं नसेल. मी जसंच्या तसं सांगतो, एकही शब्द माझा नाही. तो म्हणाला, "बाबा, ताईंना कोणी काही म्हणू नका. मला जेवढं येत होतं तेवढंच त्यांनी दिलं. आठ नाही झाले, तर नाही झाले. मी डिसेंबरात हा पेपर परत देणार, आणि पुढच्या वर्षी पुण्याला जाणार. ताई चालल्यात, तर मला गुरलीन शिकवेल."

ऐकलंत? हिंदी एक शब्द नाही. नयना, तू ऐकलंस ना? रडतेस काय, मीही रडतोय. आपलं पोरगं मराठीत बोललं! पाठ न करता बोललं, भरल्या सभेत बोललं, आणि बाईंच्या बाजूने बोललं. आमच्या घरात असं कधी घडलं नव्हतं हो. अरे, पण मग तोंडी परीक्षेत काहून नाही बोलला बे असा, पोट्ट्या!

हं, ताईंना काही सांगायचंय. हा घ्या माइक. काय म्हणाल्या ते ऐकलंत सगळ्यांनी. "राखोंडे, ऐकलं मी. आत्ताच्या या बोलण्याला मी ए प्लस दिला असता. पण आता ग्रेड जमा झालाय, तो बदलणार नाही." बघा! सत्काराच्या दिवशीही बाई एक दशांश हलत नाही. अशा बाईला शिस्तप्रिय म्हणायचं का सरस्वतीचा वरदहस्त लाभलेली, मला खरंच कळत नाही. ताई, तुम्ही जोरहाटला जाताय, तिथल्या पोरांचं भाग्य म्हणायचं. आमच्या पोराला तुम्ही जे दिलं त्याला ग्रेड नाही. कोणी म्हणेल, राखोंडे, आता तुला पुणं नको असेल. खोटं कशाला बोलू, पुणंही पाहिजे! पण आजच्यापुरतं हे पुरे.

घोरपडे साहेब, तुमच्या तटस्थतेबद्दल धन्यवाद. अध्यक्ष महाराज, समितीबद्दल धन्यवाद, आणि ती आजच बरखास्त करावी अशी नम्र विनंती. रेवाताई, मघापासून तुम्ही घड्याळ दाखवताय, ते मी पाहूनही पाहिलं नाही, त्याबद्दल क्षमा असावी. बोलण्याच्या भरात कोणाच्या गावाला, कोणाच्या लेकीला किंवा कोणाच्या करंजीला काही कमी-जास्त बोललो असेन, तर खामगावच्या माणसाची जीभ समजून पोटात घाला.

आणि अथर्व, इकडे ये. ही शाल ताईंच्या खांद्यावर तू घाल. वाक, नमस्कार कर. आणि ताईंनी जेवलास का विचारलं, तर नीट उत्तर दे.